आचारी, आचार्य आणि कळफलकावरचा लिपिकार

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द अर्थाने एकमेकांपासून बरेच दूर आहेत. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. डोळ्यांना दिसणारा फरक मात्र एवढाच, की पहिल्या शब्दातला र यकाराच्या डोक्यावर रफार होऊन बसला आहे आणि दुसऱ्यातला यकाराला डावीकडून चिकटला आहे. आता अशी कल्पना करावी, की एखाद्या कथालेखकाचे समग्र वाङ्मय जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणायचे आहे. तीनशे फायली आहेत. एक कळ दाबली आणि पाच मिनिटांत काम उरकले. पुढे कधीतरी एक विद्यार्थी वाचू लागतो आणि लग्नघरातल्या पंगतीत आचार्यांना शिव्या बसताना पाहून चकित होतो. येथे कोणाचा हात घसरलेला नाही, कोणाची नजर ओळीवरून उडालेली नाही. तीनशेही फायलींत, जेथे जेथे आचारी आहे तेथे तेथे, तो एकाच न्यायाने गुरुपदाला पोचला आहे.

हस्तलिखितांच्या अभ्यासात अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की प्रत कोणी केली? माझा मुद्दा असा, की संगणकावरच्या मराठी मजकुरालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा 'एका शॉर्टकट कळीने' असे येते. त्या कळीमागे कोणीतरी लिहिलेली आज्ञांची एक लहानशी यादी असते. ती यादी हाच अर्वाचीन लिपिकार होय. त्याचा इतिहास साहित्याच्या इतिहासात कोणी लिहीत नाही, कारण तो संगणकाचा विषय समजला जातो.

जुन्या लिपिकाराचे प्रमाद आपल्या परिचयाचे आहेत. एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळींमधला मजकूर गाळणे, समासातली टीप संहितेत घेणे, न कळलेल्या शब्दाच्या जागी कळलेला शब्द बसवणे. पोथीच्या शेवटी 'जसे पाहिले तसे लिहिले, दोष माझा मानू नये' अशा आशयाचा श्लोक घालून तो मोकळा होत असे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुकथनकर १९२५ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले आणि ते काम १९६६ पर्यंत चालले, ते या प्रमादांचे कुलवृत्तान्त लावण्यासाठीच. सु. मं. कत्रे यांनी १९४१ साली भारतीय पाठचिकित्सेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा या शास्त्राचे नियम आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र मांडले गेले. या शास्त्राचे एक मूलतत्त्व असे, की दोन प्रतींमधले शुद्ध पाठ जुळले तर काहीच सिद्ध होत नाही. चुका जुळल्या, तर त्या प्रती एका घराण्यातल्या.

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ज्ञानेश्वरीचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. हे उपकार केवढे मोठे, हे वेगळे सांगायला नको. परंतु कोणता पाठ बदलून कोणता घेतला, याची टिपणे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. म्हणून एकनाथपूर्व प्रत हा विसाव्या शतकातल्या संशोधकांचा ध्यास झाला, आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली आपली प्रत छापताना ती एकनाथपूर्व असल्याचा दावा केला, तेव्हा मोठा वाद माजला. शुद्धीकरण झाले, शुद्धीकरणाचा हिशेब राहिला नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे डिस्क आणि फायलींच्या संदर्भात ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

छापखान्याच्या काळात लिपिकाराची जागा जुळाऱ्याने घेतली. त्याच्यासमोरच्या केसमध्ये शेकडो खण असत, कारण देवनागरीची जोडाक्षरे, काने, वेलांट्या यांना स्वतंत्र खिळे लागत. ही संख्या कमी करण्यासाठी टिळकांपासून सावरकरांपर्यंत अनेकांनी डोकी शिणवली, ती केवळ लिपीच्या प्रेमाने नव्हे. खिळे, जागा आणि मजुरी यांचा तो रोखठोक हिशेब होता. टंकलेखनयंत्राने हा प्रश्न निर्दयपणे सोडवला. कळी पन्नासाच्या आत, प्रत्येकीवर दोन चिन्हे. तेव्हा ण, थ, ध, भ, श, ष यांसारख्या अक्षरांचे अर्धे रूप कळीवर ठेवायचे आणि त्याला काना जोडून पूर्ण अक्षर करायचे. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती अक्षराच्या आधी ठोकायची. रफार नंतर दिसतो, म्हणून नंतर. यंत्राला भाषा कळत नव्हती, कागदावरचे चित्र तेवढे कळत होते. १९५५ साली गोदरेज ॲण्ड बॉइसने भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र आणले, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी मराठी तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा देत हे चित्र बोटांत मुरवून घेतले. ही सवय यंत्राबरोबर गेली नाही. ती संगणकात उतरली, आणि आपल्या कथेतला खरा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

त्याआधी 'एका कळीत अनेक कामे' ही कल्पना कोठून आली, ते थोडक्यात पाहू. १९७६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको नावाच्या संपादकासाठी लोकांनी रचलेल्या आज्ञामालिका एकत्र करून ईमॅक्स तयार केला. नावातला 'मॅक्स' म्हणजे मॅक्रोच. मॅक्रो म्हणजे वारंवार करावयाच्या कृतींची साखळी एका नावात किंवा एका कळीत बांधणे. १९७८ च्या वर्डस्टारने कंट्रोल कळीबरोबर अक्षरे दाबून मजकुराचे तुकडे उचलण्या-ठेवण्याची सवय जगभरच्या टंकलेखकांना लावली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये बॅच फाइल आली. साध्या मजकुराच्या फाइलीत आज्ञा एकीखाली एक लिहायच्या, फाइलीचे नाव टंकायचे, की संगणक त्या ओळीने पार पाडतो. फायली दुसऱ्या डिस्कवर नेणे, त्यांची नावे बदलणे, जुन्या पुसणे, ही झाडलोट तिच्याकडे सोपवता येऊ लागली.

आपल्याकडे ही पद्धत विद्यापीठांतून आली नाही. ती डीटीपीच्या दुकानांतून आली. डेस्कटॉप पब्लिशिंगने मराठी पुस्तकाची जुळणी गिरगावातल्या छापखान्यांच्या माळ्यांवरून उचलली आणि कोणत्याही दहा बाय दहाच्या खोलीत नेली. त्याच सुमारास गिरगाव-परळची मराठी कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या कडेने उत्तरेकडे सरकत होती; कांदिवलीच्या पश्चिमेला चारकोपसारख्या वसाहती ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने, आखून दिलेल्या भूखंडांवर उभ्या राहत होत्या. स्थानकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून झेरॉक्सच्या यंत्राशेजारी एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि 'येथे मराठी डीटीपी करून मिळेल' अशी पाटी, हे दृश्य नव्वदच्या दशकात नवलाचे राहिले नव्हते. तेथे लग्नपत्रिका होत, सोसायटीचे अहवाल होत, शाळेच्या प्रश्नपत्रिका होत. आणि त्यांच्या मधल्या फटीतून स्वखर्चाने काढलेले कवितासंग्रह, छोट्या संस्थांची स्मरणिका, एखादा दिवाळी अंकही होई. फ्लॉपी खिशात घालून लोकलने मुद्रकाकडे जायचे. एका फ्लॉपीत एक पूर्णांक चव्वेचाळीस शतांश मेगाबाइट मावत. कादंबरीचा नुसता मजकूर तिच्यात सहज बसे, चित्रांसह पाने लावलेली फाइल मात्र बसत नसे.

या दुकानांतल्या मुलामुलींचे कौतुक आपण केलेले नाही. मराठी पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर 'अक्षरजुळणी' अशी एक ओळ असते. अभ्यासक ती वाचीत नाहीत. पोथीच्या पुष्पिकेइतकेच महत्त्व तिला द्यायला हवे, असे माझे मत आहे. संहिता कोणत्या हातातून, कोणत्या फाँटमधून गेली याचा तो एकमेव छापील पुरावा असतो. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम, शिवाजी. प्रत्येकाचा सांकेतिक तक्ता वेगळा. कळफलकावर न मावणारी जोडाक्षरे काढण्यासाठी आल्ट कळ दाबून चार आकडे टंकायचे, आणि हे आकडे पाठ होईपर्यंत चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवायचे, हा सर्वत्रचा रिवाज होता. ती चिठ्ठी म्हणजे त्या दुकानाची बाराखडीच.

मग फायलींची झाडलोट आली. विंडोज ९५ पूर्वी फाइलीचे नाव आठ रोमन अक्षरांपुरते, पुढे टिंब आणि तीन अक्षरे. एका दिवाळी अंकात चाळीस लेखक असले, की आठ अक्षरांत लेखक, प्रकार आणि कितवे प्रूफ हे सगळे कोंबावे लागे. प्रूफे वाढली की कोणती प्रत शेवटची, हा प्रश्न जुन्या पोथ्यांइतकाच बिकट होई. हुशार माणसाने यावर उपाय म्हणून चार ओळींची बॅच फाइल लिहावी: आजच्या तारखेचे फोल्डर तयार कर, त्यात कालचे सगळे उतरव, मूळ जागी हात लावू नकोस. विंडोजमध्ये तिला कळ देणेही सोपे झाले. तिचा शॉर्टकट करायचा, त्याच्या गुणधर्मांच्या चौकटीत जाऊन एक अक्षर दाबायचे; कंट्रोल आणि आल्ट विंडोज स्वतःच जोडते. अट एवढीच, की तो शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असला पाहिजे, अन्यत्र ठेवला तर कळ मुकी राहते. तारखेतही एक मेख आहे. यंत्रातली मांडणी अमेरिकी असेल तर महिना आधी येतो, भारतीय असेल तर दिवस. आणि दोन्हींत फोल्डर कालानुक्रमे लागत नाहीत. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव दिले तर मात्र नुसत्या अक्षरानुक्रमाने इतिहास सरळ लागतो. संपादकाला याहून स्वस्त कालगणना मिळणार नाही.

आणि येथेच डॉसमधला एक बारकावा सांगण्यासारखा आहे. १९९३ च्या ६.२ या आवृत्तीपासून 'कॉपी' ही आज्ञा हाताने दिली आणि त्या नावाची फाइल आधीच असली, तर संगणक विचारू लागला: जुनीवर नवी लिहू का? परंतु तीच आज्ञा बॅच फाइलीतून दिली, तर तो विचारीत नाही. निमूटपणे जुने पुसून नवे लिहितो. विंडोजनेही हा नियम पुढे चालवला. अभियंत्यांच्या दृष्टीने हे योग्यच, कारण आपोआप चालणारे काम प्रश्न विचारीत थांबले तर ते आपोआप चालणार कसे? पण पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहिले तर लिपिकाराच्या स्वभावातला हा मूलभूत फरक आहे. हाताने नक्कल करणारा अडखळतो. अडखळणे ही त्याची मर्यादा, आणि संहितेचे संरक्षणही.

(बाजूला एक आठवण. २००३ साली क्रिस मॅलेट यांनी ऑटोहॉटकी नावाची मोफत आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्यात एखादे संक्षिप्त रूप टंकले की ठरवून दिलेला पूर्ण मजकूर उमटतो. पत्रात 'सा. न. वि. वि.' लिहून 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे समजून घेणाऱ्या समाजाला यात नवे ते काय? फरक एवढाच, की आपल्याकडे तो विस्तार वाचणाऱ्याच्या मनात होत असे.)

आता मुख्य संकटाकडे वळू. भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली प्रमाण ठरला, आणि इस्की ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये येऊन १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. दोन्हींचे तत्त्व टंकलेखनयंत्राच्या नेमके उलट होते: चित्राचा क्रम नव्हे, उच्चाराचा क्रम साठवायचा. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे दाखवायची हे पडद्याचे काम. युनिकोडने १९९१ मध्ये हेच तत्त्व स्वीकारले. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड फाँट मिळू लागला. तो आखला र. कृ. जोशी यांनी, कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीतले अध्यापक, आणि जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात देवनागरीवर काम करणारे. म्हणजे मराठी लघुनियतकालिकांच्या चळवळीतला एक कवी जगभरच्या संगणकांवर देवनागरीचे रूप ठरवीत होता, तेही आमच्याच उपनगरांतून. याचा अभिमान आपल्या साहित्याच्या इतिहासांत कोठे दिसत नाही, असो.

छपाईचे जग मात्र या बदलात सामील झाले नाही. ज्या पेजमेकरवर मराठी पुस्तके लागत होती त्याला युनिकोड येत नव्हते, आणि २००१ नंतर त्याची नवी आवृत्तीही आली नाही. त्यामुळे २००४-०५ च्या सुमारास महाजालावर लोक युनिकोडमध्ये लिहीत होते, मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू होता, पण छापायला जाणारे पुस्तक जुन्या फाँटमध्येच जुळवले जात होते. साधारण १९८८ ते २०१० या दोन दशकांतले मराठी साहित्य संगणकात आहे, परंतु ते मराठी म्हणून नाही. फाँट काढून घेतला तर तेथे रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक रास उरते. ती रास मराठी करण्यासाठी मॅक्रो लिहिले गेले, आणि वर्डमध्ये त्यांना कळी दिल्या गेल्या.

असा मॅक्रो काय करतो, ते एका शब्दावर पाहू. 'मूर्तिकार' हा शब्द जुन्या फाँटच्या फाइलीत असा साठवलेला असतो: म, दुसरा उकार, पहिली वेलांटी, त, रफार, क, काना, र. युनिकोडला हवा असलेला क्रम असा: म, दुसरा उकार, अर्धा र, त, पहिली वेलांटी, क, काना, र. तेव्हा वेलांटीला उजवीकडे उडी मारायला लावायची आणि रफाराला डावीकडे. नियम केला, की वेलांटी पुढच्या एका चिन्हापलीकडे जावी. झाले: म, उकार, त, वेलांटी, रफार. दुसरा नियम, की रफाराने मागच्या एका चिन्हाअलीकडे यावे. तो त आणि वेलांटी यांच्यामध्ये येऊन अडकतो. नियमांचा क्रम उलटा केला तरी सुटका नाही. मग वेलांटी अर्ध्या र ला ओलांडून तेथेच थांबते. 'स्थिती'त वेलांटीला अर्धा स आणि थ मिळून ओलांडायचा असतो. म्हणजे उडी चिन्हापलीकडे मारायची नाही, अक्षरापलीकडे मारायची. आणि अक्षर म्हणजे काय, हे आधी मॅक्रोला शिकवावे लागते. चांगला मॅक्रो लिहिणाऱ्याला, त्याने व्याकरण कधी उघडले नसले तरी, संयुक्त व्यंजनाची व्याख्या करावीच लागते. हे काम मी पाहिले आहे आणि त्यामागच्या बुद्धीबद्दल मला आदर आहे.

बदलांचा क्रम हाही असाच नाजूक विषय. 'अर्धा श अधिक काना' या जोडीचा पूर्ण श आधी करून घ्यावा लागतो आणि उरलेल्या अर्ध्या शकारांकडे मग वळावे लागते. उलट केले तर सगळे शकार पाय मोडून पडतात. लांब जोड्या आधी, लहान नंतर, हा येथला सुवर्णनियम.

या साऱ्या चुका दिसतात, हे त्यांचे भाग्य. वेलांटी भलत्या जागी पडली की पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. प्रूफ वाचणाऱ्याची नजर तेथे थांबते. आचाऱ्याची गोष्ट वेगळी. जुन्या फाँटमध्ये यकाराला डावीकडून चिकटणाऱ्या त्या अर्ध्या र ला स्वतंत्र चिन्ह होते. मॅक्रो लिहिणाऱ्याने ते पाहिले, आणि सरळ विचार केला: हा अर्धा र, म्हणून र आणि हलन्त. पण युनिकोडमध्ये र, हलन्त आणि य एकापुढे एक आले की पडद्यावर आपोआप रफार होतो. मराठीचा तो खास र हवा असेल तर खाली नुक्ता असलेला ऱ वापरावा लागतो, किंवा हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते. हिंदीला या र ची गरज नाही. तेव्हा हिंदीच्या तक्त्यावरून केलेल्या मॅक्रोत त्याची आठवण कोणाला राहणार? परिणाम असा, की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. ठिपक्यांचे वर्तुळ नाही, लाल रेघ नाही. दोन्ही शब्द मराठीत आहेत, दोन्ही शुद्ध आहेत.

यातही एक उपकथा आहे. ज्यांनी अदृश्य जोडचिन्हाची रीत योग्य प्रकारे पाळली, त्यांच्या फायलीही पुढे सुरक्षित राहतातच असे नाही. मजकूर स्वच्छ करणारा दुसरा एखादा मॅक्रो अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकतो, आणि आचारी पुन्हा आचार्य होतो. शिवाय नुक्त्याचा ऱ आणि जोडचिन्हाचा र डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधाच्या चौकटीत एक टंकला तर दुसरा सापडत नाही. 'ॲ'चेही तसेच. हे अक्षर स्वतंत्र संकेत म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फायलींत ते अ आणि चंद्र असे दोन तुकड्यांत आहे. एखाद्या लेखकाने कोणता शब्द किती वेळा वापरला याची गणती करून शैलीविषयी निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याने, आपण लेखकाची शैली मोजतो आहोत की मॅक्रोची, हे आधी तपासावे.

जुन्या लिपिकाराशी तुलना केली तर या नव्या लिपिकाराचे गुणदोष स्पष्ट होतात. जुना लिपिकार कठीण पाठाच्या जागी सोपा पाठ घालतो. म्हणून दोन पाठांत कठीण तो मूळचा मानावा असा संकेत आहे. मॅक्रोला कठीण आणि सोपे कळत नाही. तो कंटाळत नाही, ओळ गाळत नाही, आणि त्याची चूक सर्वत्र सारखी असते. सारखी असल्यामुळे ती ओळखता येते आणि तिच्यावरून घराणेही लावता येते: दोन वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेल्या दोन पुस्तकांत दऱ्यांचा दर्या आणि त्याबरोबर आणखी दोनचार विशिष्ट चुका एकसारख्या दिसल्या, तर दोन्हींवर एकच कळ दाबली गेली असे म्हणता येते. सुकथनकरांना हे नक्कीच आवडले असते.

मात्र चूक ओळखता येणे आणि ती उलटवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेलांटीची उडी उलटवता येते. ऱ्य आणि र्य एक झाले की उलटवता येत नाही, कारण कोणता र्य मुळात कोणता होता याची खूण उरलेली नसते. हीच गोष्ट जाणूनबुजून केलेल्या दुरुस्त्यांत अधिक गंभीर होते. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीचे पुस्तक आज पुन्हा काढताना 'घरीं'चे 'घरी' आणि 'तें'चे 'ते' करणारा मॅक्रो लिहिणे दहा मिनिटांचे काम आहे. वाचकाच्या सोयीची आवृत्ती म्हणून त्याला माझा विरोध नाही. पण 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन. जुन्या छपाईत ते डोळ्यांनी वेगळे होते. कळ दाबल्यावर दोन्ही 'ते'. मुळात 'तें' कोठे होते, हे त्या फाइलीवरून आता कोणालाही सांगता येणार नाही. बोलीतल्या लेखनाचे तर याहून वाईट. 'न्हाई'चे 'नाही' आणि 'व्हतं'चे 'होतं' एका दमात करणारी यादी संपादकाच्या हाताशी असली, की वऱ्हाडी किंवा मालवणी पात्र तीन सेकंदांत पुणेरी बोलू लागते. जुन्या काळी हे पाप करायला निदान पान पान वाचावे लागे.

म्हणूनच एकनाथांच्या शुद्धीकरणाचा उल्लेख वर केला. आपल्याला ते साधले नसते, हे उघड आहे. पण त्यांच्यापाशी नसलेली एक सोय आपल्यापाशी आहे: शुद्धीकरणाचा संपूर्ण हिशेब ठेवणे येथे जवळजवळ फुकट आहे. मॅक्रो हा स्वतःच तो हिशेब आहे. कोणत्या पाठाच्या जागी कोणता पाठ, कोणत्या क्रमाने, याची ती अचूक यादी असते. ती साध्या मजकुराच्या फाइलीत संहितेशेजारी ठेवली, तर कोणत्याही चिकित्सक आवृत्तीला हेवा वाटेल असे साधन तयार होते. त्याबरोबर जुनी फाइल, आणि जुना फाँटही. कारण फाँटशिवाय जुनी फाइल वाचता येत नाही. अन् कळीला बांधलेली आज्ञा अशी लिहावी, की तिने मूळ फोल्डरातून फक्त वाचावे आणि लिहावे ते दुसऱ्याच, तारखेच्या फोल्डरात. विद्यापीठांच्या मराठी विभागांतून जे संहितासंपादन शिकवले जाते त्यात हा अर्ध्या तासाचा पाठ सहज मावेल. तो शिकवायला संगणकशास्त्राचा प्राध्यापक बोलावण्याची गरज नाही. आचारी आणि आचार्य यांतला फरक जाणणारा माणूस हवा.

काम मात्र फार लांबवता येणार नाही. गोदरेजने २००९ मध्ये टंकलेखनयंत्रे बनवणे थांबवले, तरी त्या यंत्रांवर टंकलेले कागद आजही वाचता येतात. पेजमेकरच्या फायलींना ती सवलत नाही. पेजमेकरची जागा ज्या इनडिझाइनने घेतली, त्याच्या २०१२ सालच्या सीएस-सिक्स आवृत्तीत देवनागरी युनिकोडची जुळणी प्रथम नीट होऊ लागली. आणि पेजमेकरच्या जुन्या फायली उघडू शकणारी शेवटची आवृत्तीही तीच. त्यानंतरच्या आवृत्त्यांना त्या उघडता येत नाहीत. कांदिवलीतल्या ज्या दुकानांतून ते कवितासंग्रह आणि स्मरणिका निघाल्या, त्यांच्या सीडी कपाटांच्या वरच्या कप्प्यांत अजून असतील, तर त्या वाचण्यासाठी आधी तेवढ्या जुन्या आवृत्तीचा एक चालू संगणक शोधावा लागेल.